हवेतल्या पोळ्या

बाईंना तुम्ही पाहिलेलं आहे. नाही म्हणू नका. इंग्लंडमधला एखादा हिवाळा ज्याने टीव्हीसमोर काढला असेल, त्याच्या घरी बाई येऊन गेलेल्या आहेत. फक्त त्या आल्या कधी आणि गेल्या कधी हे लक्षात राहिलेलं नसतं. खून झालेल्या घराशेजारी राहणारी, इन्स्पेक्टरला दारातच "मी काही पाहिलं नाही हो" म्हणणारी आणि मग सगळं सांगत सुटणारी शेजारीण म्हणजे बाई. नायिकेच्या हातात बाळ देऊन गुपचूप बाजूला होणारी नर्स म्हणजे बाई. विनोदी मालिकेत कुंपणावरून डोकं वर काढून एक वाक्य टाकणारी आणि लोक हसायच्या आत डोकं खाली घेणारी, तीही बाईच. एकदा तर प्रेतसुद्धा त्याच होत्या, आणि दिग्दर्शकाने त्यांना "जरा कमी करा" म्हणून सांगितलं होतं.

मी वॉटफर्डला त्यांच्याकडे खोली बघायला गेले तेव्हा दार त्यांनीच उघडलं. नागपूरहून येऊन मला जेमतेम महिना झाला होता. एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं काम, त्यामुळे शंका घ्यायची सवय. बाईंना बघताच मला खात्रीच वाटली की यांना मी कुठेतरी भेटले आहे. बहुतेक ऑफिसच्या एचआरमध्ये.

"वी हॅव मेट, आय थिंक," मी म्हटलं.

"सगळ्यांनाच असं वाटतं," बाई म्हणाल्या. "आत ये. जिन्याची एक पायरी बोलते, तिला उत्तर देऊ नकोस."

बाई अर्थातच इंग्रजीत बोलत. पण माझ्या आठवणीत त्या मराठीतच बोलतात, त्याला माझा इलाज नाही. त्यांचे किस्से मी इतकी वर्षं फोनवर आईला सांगत आले, की मूळ इंग्रजी वाक्यं आठवायला आता जरा थांबावं लागतं. त्या मला तू म्हणत आणि मी त्यांना तुम्ही. इंग्रजीत ही सोय नाही हे मलाही कळतं, पण आम्हा दोघींना ते बरोबर ऐकू यायचं.

बाईंना खोलीतून नुसतं बाहेर जाता येत नसे. त्या एक्झिट घेत. जेवताना मीठ आणायला उठल्या तरी दारात थांबायच्या, खांद्यावरून मागे बघायच्या आणि "मीठ! यापायी आमचं साम्राज्य गेलं," असं काहीतरी बोलूनच आत जायच्या. वाक्य सुचलं नाही तर दारातच खोळंबायच्या, आणि आपण मुकाट्याने अळणी भाजी खायची. मी एकदा वैतागून म्हटलं, "बाई, मीठ आणताय, फासावर नाही चाललात." त्यावर त्यांनी मान किंचित झुकवली आणि इतक्या संथ चालीने स्वयंपाकघरात गेल्या, की मला उगाचच वाईट वाटलं.

त्यांची दोन लग्नं झाली होती. नवऱ्यांबद्दल त्या सहकलाकारांबद्दल बोलावं तसं बोलत. पहिला देखणा, पण टायमिंगला कच्चा; भांडण रंगात आलं की नेमकी त्याला शिंक यायची. दुसरा नट म्हणून चांगला होता. "फारच चांगला," त्या म्हणायच्या. "तो माझ्याबरोबर सुखी आहे असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं." दोघांचेही फोटो बैठकीत होते, एकमेकांकडे पाठ करून ठेवलेले.

वॉटफर्डच्या बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे एक प्रकरणच होतं. चेहरा ओळखीचा, नाव कुणाला माहीत नाही, त्यामुळे प्रत्येक जण त्यांना आपल्याच आयुष्यात कुठेतरी बसवायचा. कुणी म्हणे तुम्ही आमच्या गल्लीत पोस्टात होतात, कुणी म्हणे माझ्या आजीच्या वॉर्डात नर्स होतात. बाई सगळ्याला हो म्हणायच्या. एकदा एका टकल्या, पोट सुटलेल्या गृहस्थाने त्यांना थांबवलं. "तुम्ही आमच्या शाळेत जेवण वाढायचात ना?"

"हो तर," बाई म्हणाल्या. "आणि तू कोबी टाकून द्यायचास."

तो माणूस कानापर्यंत लाल झाला, सॉरी म्हणाला आणि बायकोला ही गंमत सांगायला धावला. मी विचारलं, "तुम्ही खरंच वाढत होतात?"

"छे. पण कोबी सगळेच टाकून देतात," त्या म्हणाल्या. "बिचाऱ्याला शाळा आठवली, ती मी कशाला मोडू?"

यावर तुम्ही म्हणाल की बाई फार मोठ्या मनाच्या होत्या. थोड्याफार होत्याही. पण हा सगळा धंद्याचा भाग होता. बाईंचा धंदा माणसं उचलण्याचा. भूमिका आली की संहिता नंतर, आधी त्या एखादं चालतं-बोलतं माणूस शोधायच्या आणि त्याची एखादी लकब अलगद काढून आणायच्या. म्हणूनच दर शनिवारी त्या माझ्याबरोबर वेम्बलीला ईलिंग रोडवर यायच्या. मी वाणसामान घ्यायची आणि बाई भाजीच्या दुकानाबाहेर उभ्या राहून आमच्या बायका न्याहाळायच्या. आपल्या बायका भेंडी कशी घेतात ते तुम्हाला ठाऊक आहे. शेंडा मोडून बघायचा, कट्‌कन मोडला तर पिशवीत, वाकला तर परत. दुकानदार ओरडत असतो आणि त्याच्याकडे कुणी बघतही नाही. बाईंना ते भलतंच आवडलं. पुढे एका मालिकेत त्यांना न्यायाधीशाची दोन मिनिटांची भूमिका मिळाली. त्यात त्या आरोपीकडे शांतपणे बघत हातातल्या पेन्सिलचं टोक कट्‌कन मोडतात आणि शिक्षा सुनावतात. कुठल्याशा वर्तमानपत्राने त्या एका क्षणात ब्रिटिश न्यायव्यवस्थेचा सगळा निर्विकारपणा दिसल्याचं लिहिलं. मी मात्र ते बघताना सोफ्यावरून पडायची बाकी होते.

तर अशा या बाईंनी एका संध्याकाळी एकच एक्झिट दोनदा घेतली. दारात थांबल्या, हवामानाबद्दल काहीतरी मजेशीर बोलल्या आणि गेल्या. मी हसले. थोड्या वेळाने परत आल्या, बसल्या, उठल्या, दारात थांबल्या आणि तेच वाक्य त्याच सुरात बोलून गेल्या. मी पुन्हा हसले, पण या वेळी हसू येत नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या एजंटचा फोन आला. नॉटिंगहॅमच्या एका छोट्या थिएटरात नवं नाटक होणार होतं. एक म्हातारी शेतकरीण, नवरा गेलेला, मुलगा शेत आणि घर विकायला निघालेला आणि ही घर सोडायला तयार नाही. पडदा उघडतो तेव्हा ती रंगमंचावर असते आणि पडतो तेव्हाही. मुख्य भूमिका, बाईंच्या उभ्या आयुष्यातली पहिली, आणि तिच्यात एकही एक्झिट नाही!

बाईंनी हो म्हणून फोन ठेवला आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. कुठलाही अभिनय न करता बसल्या, म्हणून मी घाबरले.

"मला विसर पडायला लागलाय," त्या म्हणाल्या. "एका पानाहून जास्त मला कधी पाठ करावं लागलं नाही, आणि आता तेवढंही राहत नाही. डॉक्टरला माहीत आहे. आता तुला."

"मग नाही म्हणून कळवा ना."

"नाही म्हणता आलं असतं तर दोन लग्नं झाली असती का?" हे बोलून त्या हसल्या. "हे बघ, मी आयुष्यभर मधेच येते आणि मधेच जाते. पुढे त्या लोकांचं काय झालं हे मला कधी कळतच नाही. मला एकदा, एकदाच शेवटपर्यंत थांबायचंय. शेवटच्या खेळापर्यंत. त्यानंतर काय विसरायचं ते मी खुशाल विसरेन."

मी म्हटलं, रविवारपासून सुरू करू.

रविवारच का, तर त्या दिवशी मी घरी असायची आणि आठवड्याच्या पोळ्या करायची. इथे नोकरी करणाऱ्या आम्हा सगळ्यांचं हे ठरलेलं असतं. रविवारी पोळ्यांची चळत करून फ्रीझरमध्ये टाकायची आणि शुक्रवारपर्यंत निभवायचं. पहिल्या दिवशी बाई टेबलाशी संहिता घेऊन बसल्या. मी तव्यापाशी उभी राहून मुलाची, वकिलाची, शेजाऱ्याची वाक्यं वाचत होते. दुपार संपली तरी बाईंना पहिलं पान येईना. त्यांनी संहिता आपटली, माझ्या हातातलं लाटणं घेतलं आणि म्हणाल्या, "हात रिकामे असले की माझं डोकं चालत नाही. हे कसं करतात ते दाखव."

मी दाखवलं. आमच्या घरी घडीची पोळी होते. उंडा घ्यायचा, पिठीत बुडवायचा, छोटी चांदकी लाटायची, तिला तेलाचं बोट फिरवायचं, वर चिमूटभर पिठी, एक घडी, दुसरी घडी, मग हलक्या हाताने कडेकडेने लाटत न्यायची. बाईंची पहिली पोळी बघण्यासारखी नव्हती. पण ती लाटता लाटता त्या अख्खा पहिला परिच्छेद न अडखळता बोलून गेल्या. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तव्यावरची पोळी करपली.

मग ती पद्धतच पडली. बाई लाटायच्या, मी भाजायची आणि सगळे पुरुष वाचायची. एकेक वाक्य एकेका हालचालीत जाऊन बसलं. नवऱ्याची आठवण पिठीत, मुलावरचा राग पहिल्या घडीत, वकिलाला दिलेला टोला दुसऱ्या घडीत. पिठी, तेल, घडी हे शब्द बाईंनी मराठीतच उचलले होते. तेल लावायचं त्या हमखास विसरायच्या, तेव्हा मी तव्याकडे बघतच "तेल" म्हणायची, त्या बोट बुडवायच्या आणि पुढचं वाक्य बाहेर पडायचं. पानझड सुरू झाली तोवर सगळी भूमिका पाठ झाली होती आणि फ्रीझर मिटत नव्हता. शेवटी बाईंनी गल्लीत पोळ्या वाटायला सुरुवात केली. समोरचे म्हातारे पाद्री त्यांना मार्मलेड लावून खायचे आणि चर्चमध्ये आमच्यासाठी प्रार्थना करायचे. कुठल्या कारणाने ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

बाई तालमीला नॉटिंगहॅमला गेल्या. पहिल्या आठवड्यात फोनवर सगळं छान. दुसऱ्या आठवड्यात सगळं छानच, पण आवाज खाली. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस त्यांनी नुसतं "ये" म्हटलं आणि फोन ठेवला. मी मॅनेजरला घरून काम करते म्हणून सांगितलं. कुणाच्या घरून ते त्याने विचारलं नाही.

तालमीच्या हॉलमध्ये गेले आणि पाहिलं तर रंगमंच मोकळा. एक खुर्ची, बास. दिग्दर्शिका तरुण, हुशार आणि मनाने चांगली मुलगी होती. तिचं म्हणणं असं, की म्हातारीचं घर तिच्या डोळ्यांदेखत रिकामं होतंय, तेव्हा प्रेक्षकाला सामान दिसताच कामा नये. कप नाही, टेबल नाही, काही नाही. बाई त्या एकुलत्या एका खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मुलाचं काम करणारा नट त्याचं वाक्य बोलला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, हॉलच्या छताकडे पाहिलं आणि गप्प राहिल्या. बाजूने प्रॉम्प्टरने शब्द दिला. तो त्यांनी बोलून टाकला आणि परत अडकल्या. हे मी बराच वेळ पाहिलं. माझे हात नुसते शिवशिवत होते.

दिग्दर्शिकेने कानात घालायचं छोटं यंत्र सुचवलं, हल्ली बरेच म्हातारे नट ते वापरतात म्हणे. बाई म्हणाल्या, "दुसऱ्याचं ऐकून बोलायची सवय मला दोन्ही लग्नांत लागली नाही, ती आता कुठून लागणार?" सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. कोपऱ्यात त्यांची अंडरस्टडी विणत बसली होती. बाई आजारी पडल्या तर ऐनवेळी उभं राहायचं म्हणून तिला सगळी भूमिका पाठ होती. ती स्वभावाने इतकी गोड होती, की तिचा रागही करता येत नव्हता. शुक्रवारपर्यंत बघू, असं दिग्दर्शिका मला बाजूला घेऊन म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण शुक्रवार तो शुक्रवारच.

मी तिला खरं काय ते सांगून टाकलं. पोळपाट, लाटणं आणि थोडी कणीक द्या, बघा कशा बोलतात. तिने माझ्याकडे फार सहानुभूतीने पाहिलं. "इट्स अ बेअर स्टेज," ती म्हणाली. "कणीक आली की टेबल येतं, टेबल आलं की घर येतं, आणि मग नाटक काय उरलं?" तिचंही चूक नव्हतं.

मधल्या सुट्टीत बाई पॅसेजमध्ये कोट घालून बसल्या होत्या. "मी जाते वॉटफर्डला," म्हणाल्या. "शुक्रवारी त्यांनी घालवण्यापेक्षा आज माझी मी गेलेली बरी. तेवढं एक मला छान जमतं."

मला रागच आला. "काही जायचं नाही," मी मराठीत म्हटलं आणि मग इंग्रजीत सांगितलं. "कणीक नाही तर नसू दे. हात तर तुमचे आहेत ना? लाटा."

"कशावर?"

"कशावरही नाही. हवेत लाटा."

त्यांनी कोट काढला.

दुपारी तालीम सुरू झाली. मुलगा वाक्य बोलला. बाईंचे हात मांडीवरून उठले, बोटांनी काहीतरी चिमटून घेतलं, दाबलं, आणि दोन्ही तळवे पुढे-मागे हलायला लागले. आवाज आला. एक वाक्य, दुसरं, अख्खं पान. पिठी, चांदकी, घडी, दुसरी घडी. हॉलमध्ये कुणी हलत नव्हतं. अंक संपला तेव्हा दिग्दर्शिका हळूच पुढे आली. "घर गेलंय, सामान गेलंय आणि हिच्या हातांना अजून ते कळलेलं नाही," ती म्हणाली. "माय गॉड. हे तुम्हाला सुचलं कुठून?"

"आतून आलं," बाई म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. एवढी मोठी नटी झाल्यावर हे चालायचंच, असं मी मनात म्हटलं. पण मला आनंद इतका झाला होता की मी स्वच्छतागृहात जाऊन रडून आले.

पहिल्या खेळाला मी तिसऱ्या रांगेत होते. शेजारी एक मराठी काकू येऊन बसल्या. मी मराठी आहे हे त्यांनी कसं ओळखलं कोण जाणे. पर्स मांडीवर घेता घेताच त्यांनी स्वतःची ओळख करून दिली. "आमचे हे इथल्याच हॉस्पिटलला कन्सल्टंट होते ना, आता रिटायर झालेत. आम्ही सगळी प्लेज बघतो हं. घरी बसून नुसतं नेटफ्लिक्स किती बघणार?" पलीकडे त्यांचे ते, मफलर गुंडाळलेले, आधीच गंभीर झाले होते.

दिवे गेले. बाई खुर्चीवर. हात हलायला लागले. आणि माझ्या कानाशी कुजबुज सुरू झाली.

"अहो, ही पोळ्या करतेय."

"शू. ती शोक करतेय," डॉक्टर म्हणाले.

"शोक कसला? घडीची पोळी आहे ती. आता तेल लावेल बघा."

बाईंनी हवेत बोट बुडवलं आणि गोल फिरवलं. काकूंनी नवऱ्याला कोपर मारलं.

थिएटरमधली बाकीची सगळी मंडळी एका एकाकी इंग्रज विधवेचं दुःख बघत होती आणि आमच्या रांगेत एका काकूंना तिचा उंडा मोठा वाटत होता. मला हसावं की रडावं कळेना. बाई मात्र काय बोलत होत्या! एकही वाक्य इकडचं तिकडे नाही. माझी भीती हळूहळू जायला लागली, आणि नेमकं तेव्हाच, शेवटच्या प्रवेशात, त्या थांबल्या.

चांदकी लाटून झाली होती. हात तसेच हवेत. मुलाचं काम करणारा नट वाट बघत होता. लोकांना वाटलं, विराम आहे. मला माहीत होतं की हा विराम नाही. पुढचं अख्खं भाषण तेलात अडकलं होतं, आणि शब्द माझ्या तोंडात होता, पण भरल्या थिएटरात तो म्हणायचा कसा? बाईंचे डोळे रांगांवरून फिरायला लागले. प्रॉम्प्टरने वाक्य दिलं ते मला ऐकू आलं, त्यांना नाही.

"अगं बाई, तेल!" काकू म्हणाल्या. चांगलं खणखणीत.

बाईंचं बोट बुडालं. चांदकीवरून फिरलं. आणि भाषण सुरू झालं ते थेट शेवटच्या वाक्यापर्यंत. मुलगा जायला निघतो तेव्हा ती त्याला म्हणते, जाताना दार ओढून घे. तिथे पडदा.

दुसऱ्या दिवशी एका समीक्षकाने लिहिलं, की शेवटच्या प्रवेशात प्रेक्षागृहातल्या एका स्त्रीच्या तोंडून न राहवून वेदनेचा उद्गार निघाला, यातच या प्रयोगाचं यश आहे. काकूंनी ते कापून फ्रिजवर लावलं.

खेळानंतर मी त्यांना आत घेऊन गेले आणि बाईंना सांगितलं की तेल म्हणणाऱ्या या. काकू थोड्या ओशाळल्या. "सॉरी हं, राहवलंच नाही. यू आर व्हेरी गुड. फक्त तुमची कणीक जरा घट्ट आहे, त्यामुळे कड जाड राहते."

बाईंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "इतकी वर्षं काम करतेय," त्या मला म्हणाल्या, "पण विषयातलं कळणारा समीक्षक पहिल्यांदा भेटला."

मी काकूंना खरं काय ते सांगितलं, आणि तेव्हापासून त्यांनी जवळजवळ एकही खेळ सोडला नाही. डॉक्टर कंटाळले, तर त्यांना घरी ठेवून येऊ लागल्या. मला फोन करून म्हणायच्या, "तू तिकडे वॉटफर्डला जॉब कर गं, इथलं मी बघते. कुणीतरी तेल म्हणायला हवं ना?" फक्त तेल बाईंना हळूहळू पुरेनासं झालं. कधी पिठी म्हणावं लागायचं, कधी घडी. काकूंचा आवाज दर खेळाला थोडा मोठा होत गेला. थिएटरवाल्यांनी एकदा त्यांना सौम्य शब्दांत समज दिली. त्यावर काकू म्हणाल्या, "मग तुम्ही म्हणा." दिग्दर्शिकेला सगळं कळलं होतं. अंडरस्टडीने विणकाम बंद करून संहिता परत उघडली होती. पण शेवटचा आठवडा होता आणि बाईंना थांबवणं सगळ्यांच्याच जिवावर येत होतं. मी दर फोनला कशा आहात म्हणून विचारायची, आणि बाई म्हणायच्या, "अजून आहे मी."

शेवटचा खेळ शनिवारी दुपारी होता. मी आणि काकू शेजारी शेजारी बसलो. पहिला अंक कसाबसा गेला. दुसऱ्यात काकू दोनदा बोलल्या. शेवटचा प्रवेश आला. मुलाने विचारलं, तुला इथे एकटीला करमणार कसं?

बाईंनी उंडा घेतला. पिठीत बुडवला. लाटायला लागल्या. शब्द आले नाहीत. काकूंनी तोंड उघडलं आणि मिटलं, कारण बाईंनी तेल स्वतःच लावलं होतं. पिठी भुरभुरली, एक घडी घातली, दुसरी घातली. हात कुठे चुकले नाहीत आणि तोंडून शब्द एक नाही. तो नट पोरगा फार शहाणा निघाला. तो तिच्या हातांकडे बघत थोडा थांबला आणि तिने सगळं सांगितलंय असं धरून आपली वाक्यं बोलत गेला. ती लाटत होती, तो उत्तरं देत होता. माझ्या शेजारी काकू पदर तोंडात धरून बसल्या होत्या. शेवटची पोळी लाटून झाल्यावर बाईंनी हातावरची पिठी झटकली. हे तालमीत कधीच नव्हतं. हात मांडीवर ठेवले आणि मुलाकडे बघून नुसती मान हलवली. तो गेला आणि जाताना त्याने नसलेलं दार ओढून घेतलं.

अख्खं थिएटर उभं राहिलं. बाई शेवटपर्यंत थांबल्या होत्या.

मी आत गेले तेव्हा त्या आरशासमोर बसल्या होत्या, मेकअप तसाच. बाहेर लोकांचा गलका चालला होता. त्यांनी मला आरशातूनच पाहिलं आणि विचारलं, "मी बोलले ना गं सगळं?"

"एकही शब्द चुकला नाही," मी म्हटलं.

त्यांनी वळून माझ्याकडे नीट पाहिलं. एखादी नवशिकी नटी समोर उभी असावी तसं. "वाक्य छान आहे," त्या म्हणाल्या, "पण तुझ्या भुवया वर गेल्या. भुवया वर गेल्या की खोटं कळतं. परत म्हण."

मी भुवया खाली घेतल्या. डोळ्यांतलं पाणी थोपवलं आणि त्यांच्याकडे सरळ बघत तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

"हां," बाई म्हणाल्या. "आता पटलं."